चिठ्ठीवरचा मधला आकडा

रमजानचा चाँद दिसायला दोन-चार दिवस उरले की लोह्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. डोक्यावर ओढणी घेतलेली कुणी खाला, नाहीतर मोंढ्यातून थेट आलेले कुणी चाचा, पिशवीतून गोळ्यांची पाकिटे काढतात आणि जरा हळू आवाजात विचारतात, "भाई, ये दोपारकी गोली कब लेऊं? सहरीकू लेऊं की इफ्तारकू?" दुकानात गर्दी असते. चिल्लर देता देता उत्तर मिळते, "इफ्तारला दोन्ही घ्या एकदम." नाहीतर, "महिनाभर नाही घेतली तरी चालते, चाचा." चाचा मान हलवून निघून जातात. ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली ते डॉक्टर नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये बसलेले असतात. त्यांना या बदलाची खबरही नसते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे 1-0-1 किंवा 1-1-1 असे लिहिलेले असते. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. अक्षर ओळख नसलेल्या माणसालाही ही खूण कळते, इतकी ती आपल्याकडे रुळली आहे. रमजानमध्ये या तीन आकड्यांपैकी मधला कुठे ठेवायचा, हे कुणी लिहून देत नाही. मग ज्याला जसे सुचेल तसे तो करतो.

रोजा म्हणजे पहाटे फजरच्या आधीपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, तोंडाने औषधही नाही. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असल्याने रोजा साधारण तेरा तासांचा असतो. 2018 आणि 2019 साली तो मे-जूनमध्ये होता, तेव्हा तो साडेचौदा तासांपर्यंत गेला होता, आणि वर मराठवाड्याचे ऊन. हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे एका वर्षी चालून गेलेली गोळ्यांची मांडणी दहा वर्षांनी चालेलच असे नाही. तेवढ्या काळात माणसाचे वयही दहा वर्षांनी वाढलेले असते.

ही फक्त आपल्या तालुक्याची गोष्ट नाही. कुवेतमध्ये 1980च्या दशकात 325 रोजेदार रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 64 टक्के लोकांनी रमजानमध्ये औषध घेण्याची पद्धत बदललेली आढळली. पुढेही अनेक देशांत अशा पाहण्या झाल्या आणि चित्र फारसे वेगळे दिसले नाही. कुणी वेळ बदलतो, कुणी दोन मात्रा एकत्र करतो, कुणी औषध बंदच ठेवतो, आणि यातले बरेच काही डॉक्टरांच्या माघारी होते.

यावरचे सर्वांत मोठे काम मधुमेहावर झाले आहे, आणि ते साहजिकही आहे. 2001 साली भारतासह 13 देशांतल्या 12,243 मधुमेही मुस्लिम रुग्णांची माहिती गोळा करण्यात आली. 'एपिडायर' या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास 2004 साली 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोठ्या वयात होणाऱ्या, म्हणजे आपण सर्रास 'शुगर' म्हणतो त्या प्रकारच्या मधुमेहाच्या 79 टक्के रुग्णांनी किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्यांपैकीही 43 टक्क्यांनी ठेवले होते. म्हणजे 'शुगर असेल तर रोजा ठेवू नका' एवढे सांगून डॉक्टरांचे काम संपत नाही. माणसे रोजा ठेवतातच. प्रश्न कसा ठेवतात एवढाच उरतो.

याच अभ्यासात आणखी काही आकडे आहेत. साखर एकदम उतरून दवाखान्यात भरती व्हावे लागण्याचे प्रसंग मोठ्या वयाच्या मधुमेहींमध्ये एरवी 100 रुग्णांमागे महिन्याला 0.4 होते, ते रमजानमध्ये 3 झाले. सुमारे साडेसात पट. हे कुणालाही समजेल, पोट रिकामे आणि गोळी तीच. पण साखर खूप चढून भरती व्हावे लागण्याचे प्रसंगही 1 वरून 5 वर गेले. उपाशी माणसाची साखर वाढते कशी, असा प्रश्न इथे पडतो. उत्तर दस्तरखानावर आणि गोळ्यांच्या पाकिटात सापडते. इफ्तारला खजूर, शरबत, भजी, समोसे, वर जिलबी, आणि 'रोजा आहे, साखर तशीही कमीच असणार' या समजुतीने सोडून दिलेली गोळी. साखर उतरते म्हणून घाबरून औषध सोडणारा माणूस रात्रभर चढलेली साखर घेऊन झोपतो.

ही बाब आता थोड्या लोकांची राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तदाबाचे रुग्ण तर प्रौढांमध्ये शंभरात पस्तीसच्या आसपास निघाले. एका घरात सासूला शुगर, सासऱ्यांना बीपी आणि सुनेला थायरॉईड, हे आता लोह्यातही नवल नाही.

मधल्या आकड्याचे काय करायचे हे त्या औषधावर ठरते, आणि इथेच 'दोन्ही एकदम घ्या' हा सल्ला फसतो. मेटफॉर्मिनसारख्या औषधाची दुपारची मात्रा इफ्तारच्या मात्रेत मिळवणे बहुतेक वेळा चालून जाते, कारण ते एकटे साखर धोक्याइतकी उतरवत नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही औषधे स्वादुपिंडाला जबरदस्तीने इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सहरीला घेतलेली त्यांची पूर्ण मात्रा दुपारी चारला, नेमकी सर्वांत उपाशी वेळी, माणसाला आडवे करू शकते. म्हणून रमजानमध्ये डॉक्टर सकाळची मोठी मात्रा इफ्तारला नेतात आणि सहरीची कमी करतात. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. ती इफ्तारला घेतली की रात्री पाणी भरून काढता येते. रमजानच्या तोंडावर अशी गोळी नव्याने सुरू करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. गंमत म्हणजे बऱ्याच गोळ्यांत यातली दोन-तीन औषधे एकत्र भरलेली असतात. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत काय आहे हे वाचल्याशिवाय कुणालाच सल्ला देता येत नाही, मेडिकलवाल्यालाही.

बीपीच्या गोळ्यांचे दुखणे वेगळे. आजकालच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्यामुळे रोजा त्यांच्या आड येत नाही. पण लघवी वाढवणारी गोळी सहरीला घेतली तर दिवसभर पाणी कमी पडते आणि नमाजमध्ये सजद्यातून उठताना भोवळ येते. काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलोल, अचानक बंद केल्या तर छातीत धडधड आणि रक्तदाब दोन्ही उसळतात. याच गटातल्या गोळ्या साखर उतरल्याची धडधड झाकूनही टाकतात, त्यामुळे शुगर आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसाला इशारा उशिरा मिळतो. फिटच्या आजारात तर एक चुकलेली मात्राही झटका आणू शकते. अशा रुग्णांसाठी दिवसातून एक-दोनदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या मागाव्या लागतात, आणि मिळाल्यावर अर्ध्या तोडून किंवा कुटून खायच्या नसतात. क्षयरोगाच्या रुग्णाची मात्र सोय झाली आहे. 2017 पासून आपल्याकडे देशभर सरकारी उपचारातली औषधे रोज एकदाच घ्यायची असतात, ती सहरीच्या आधीही घेता येतात.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी लागते, म्हणजे सहरीच्या जेवणाआधी अर्धा तास. ऐकायला सोपे वाटते. पण साडेतीनला उठून सगळ्या घरासाठी रोट्या टाकणारी बाई अर्धा तास आधी गोळी घेते की नाही, हे तिच्याशिवाय कुणी पाहत नाही. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईची गोळी सर्वांत आधी राहून जाते. तिला झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी, गोळी घेण्याची मुभा आहे हेही तिला कुणी सांगितलेले नसते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी काउंटरवर सर्वांत हळू आवाजात मागितली जाते. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. गौरी-गणपतीच्या आठवड्यात, नवरात्रात, घरच्या पूजेला आणि लग्नाला त्या मागितल्या जातात. रमजानमध्ये 'तीस रोजे पूर्ण व्हावेत' म्हणून मागितल्या जातात. धर्म वेगळे, गोळी एकच. नॉरएथिस्टेरॉन नावाचे हे संप्रेरक साधारणपणे दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घ्यायचे असते. म्हणजे पुन्हा 1-1-1, आणि पुन्हा मधला आकडा अडचणीत. मात्रा चुकली की मध्येच रक्तस्राव सुरू होतो, मग घाबरून गोळ्या वाढवल्या जातात. हे औषध थोड्या दिवसांच्या गरजेसाठी आहे, अख्खा महिना रेटण्यासाठी नाही. पूर्वी कधी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेली बाई ते घेऊच शकत नाही. तीव्र अर्धशिशी किंवा फार वजन असेल तर आधी तपासणी लागते. हे सगळे विचारायला काउंटरवर कुणाला वेळ नसतो आणि बाईला सांगायला संकोच वाटतो. घरातले सहसा जाऊबाईला चाललेली गोळी हातात ठेवतात.

यात उदास करणारी बाब ही, की शरीअतने हे मागितलेलेच नाही. पाळीच्या दिवसांत रोजा नाही, नमाजही नाही. सुटलेले रोजे नंतर वर्षभरात कधीही पूर्ण करायचे, त्याला कजा म्हणतात, आणि सुटलेल्या नमाजची तर कजाही नाही. आजाऱ्यासाठीही हीच मोकळीक कुरआनच्या सूरह बकरामध्ये, रोजा फर्ज करणाऱ्या आयतींमध्येच दिलेली आहे. आजारी किंवा प्रवासात असलेल्याने तितके दिवस नंतर भरून काढावेत. ज्याचा आजार बरा होण्यातला नाही, ज्याला पुढेही रोजा झेपणार नाही, त्याने एका रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे, ती फिद्या. या सवलतीला उलमा 'रुख्सत' म्हणतात. ती घेणारा कमी ईमानदार ठरत नाही. पण मोहल्ल्यात 'आज रोजा नाही का?' हा प्रश्न चेष्टेत जरी आला तरी तो टोचतो. शुगरचा जुना रुग्ण असलेला माणूस त्या प्रश्नापायी उरलेला दिवस काढतो. दुपारनंतर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड सुरू होते आणि घरातले म्हणतात, रोजा लागलाय. कित्येकदा ती साखर उतरल्याची खूण असते. साखर 70च्या खाली गेली किंवा 300च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. त्या 2016 साली आल्या आणि 2021 साली सुधारल्या गेल्या. त्या तयार करताना डॉक्टरांबरोबर धर्माच्या जाणकारांनाही विचारात घेतले गेले.

साखर तपासायला बोट टोचले तर रोजा मोडत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शननेही मोडत नाही, यावर बहुतेक उलमा सहमत आहेत. डोळ्यांत घालायच्या थेंबांचेही तेच. 1997 साली मोरोक्कोत वैद्यक आणि फिकह यांच्या जाणकारांचा परिसंवाद झाला, तेव्हा इंजेक्शने, त्वचेवरची मलमे, हृदयविकाराच्या कळेसाठी जिभेखाली ठेवायची गोळी यांनी रोजा मोडत नाही असा सूर निघाला. पोषणासाठी लावलेले सलाईन मात्र त्यातून वगळले. दम्याच्या पंपाबद्दल मतभेद आहेत आणि आपल्याकडचे बरेच मौलाना त्याने रोजा मोडतो असेच सांगतात. तरीही ज्याला दम लागला आहे त्याने पंप ओढावा आणि रोजा नंतर भरावा, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. पंप खिशात असून तो न ओढता इफ्तारची वाट पाहणारा दमेकरी जिवाशी खेळत असतो.

फिकहच्या किताबांत या सगळ्याचा निवाडा करताना एक शब्द येतो, 'तबीब-ए-हाजिक', म्हणजे निष्णात वैद्य. रोजा ठेवल्याने आजार वाढेल की नाही, हे त्याने सांगायचे. धर्माच्या प्रश्नात वैद्याच्या मताला एवढे वजन आहे. इब्न सिना हे नाव इथे आठवल्याशिवाय राहत नाही. हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये त्यांनी औषध पारखण्याचे नियम लिहिले, आणि त्यांतला एक नियम असा, की औषधाचा परिणाम किती वेळाने होतो यावर नजर ठेवली पाहिजे. औषधाचे घड्याळ पाहण्याची ही शिकवण युनानी हकिमांनी जपली. निजामाच्या काळात आपल्या या भागातही हकीम नाडी पाहून विचारत, खाण्याआधी की खाण्यानंतर?

आज तो प्रश्न विचारायला वेळ नाही, ही डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किंवा लोह्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळच्या रांगेत एका रुग्णाच्या वाट्याला किती मिनिटे येतात हे ज्याने रांग पाहिली त्याला माहीत आहे. रुग्ण स्वतःहून बोलत नाही, कारण 'डॉक्टर रोजा ठेवू नका म्हणतील' ही धास्ती असते. डॉक्टर विचारत नाहीत, कारण रमजान कधी सुरू होतो हे त्यांच्या ध्यानात नसते, किंवा धर्माचा विषय कशाला काढा असे वाटते. दोघेही एकमेकांचा मान राखतात आणि मधल्या मध्ये गोळी राहते.

हे बदलणे किती सोपे आहे याचा एक नमुना लंडनमध्ये मिळाला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या 111 मधुमेही रोजेदारांची पाहणी होती. त्यांतल्या 57 जणांना रमजानच्या आधी दोन तासांचे मार्गदर्शन मिळाले होते. काय खावे, साखर कधी तपासावी, गोळीची वेळ आणि मात्रा कशी बदलावी, एवढेच. उरलेल्या 54 जणांना ते मिळाले नव्हते. मार्गदर्शन मिळालेल्या गटात साखर उतरण्याचे प्रसंग 9 वरून 5 वर आले. न मिळालेल्या गटात ते 9 वरून 36 झाले. नवे औषध नाही, यंत्र नाही, दोन तास बसून बोलणे.

लोह्यात असे बोलणे ठेवायला जागा शोधावी लागणार नाही. पोलिओच्या डोससाठी मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा होतो. करोनाच्या काळात नमाज घरी पढण्याच्या सूचनाही गावोगाव मशिदींतूनच गेल्या. रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानमध्ये, जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी पाच मिनिटे रुख्सतीवर बोलावे आणि नमाजनंतर एखाद्या डॉक्टराने किंवा फार्मासिस्टने सहनात बसावे, यात अवघड काही नाही. बायकांसाठी वेगळी बैठक आशाताई घेऊ शकतात. सोनखेड, माळाकोळीसारख्या गावांत घराघरातल्या शुगर-बीपीच्या पेशंटची नावे त्यांना तोंडपाठ असतात. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे असे मार्गदर्शक सूचना सांगतात. तेवढे जमले नाही तरी चाँदरातीच्या आधी एकदा पिशवीतली सगळी पाकिटे घेऊन जाणे कुणालाही जमेल. सगळी म्हणजे खरोखर सगळी. गुडघेदुखीची मेडिकलवरून परस्पर आणलेलीही. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रिकाम्या पोटी जठर सोलतात, आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात बीपीच्या गोळ्यांबरोबर ती मूत्रपिंडावरही घाव घालतात.

शेजारच्या घरातला उपवासही याच घड्याळावर चालतो. नवरात्रात नऊ दिवस फक्त फळे किंवा भगर खाणारी मावशी, एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारे शुगरचे काका, चातुर्मासात एकभुक्त राहणारे आजोबा, यांच्याही चिठ्ठीवर 1-1-1 असते आणि तेही डॉक्टरांना विचारत नाहीत. साबुदाणा आणि बटाटा साखर झपाट्याने चढवतात, निरंकार उपवास ती उतरवतो, आणि गोळीची मात्रा मात्र रोजच्या पोळीभाजीवर ठरवलेली असते. मधुमेही रोजेदारांवर इतके संशोधन झाले, त्या मानाने आपल्या व्रतवैकल्यांवर फारच थोडे झाले आहे. नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय हाती घेतला तर त्याला रुग्ण शोधत फिरावे लागणार नाही.

औषधाने काही विपरीत घडले तर ते कळवण्याची सोयही आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. 2010 साली सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. अंगावर पुरळ येण्यापासून बेशुद्ध पडण्यापर्यंत काहीही, डॉक्टरच नव्हे तर रुग्ण किंवा त्याचा मुलगाही कळवू शकतो. औषध कुठले, किती आणि कधी घेतले, हे तिथे विचारतात. त्यासाठी पाकीट टाकून द्यायचे नसते.

राहता राहिली ईद. महिनाभर बदललेली मांडणी त्या दिवशी परत जागेवर यायला हवी, आणि नेमके तिथेच पुष्कळांचे विसरून जाते. इफ्तारच्या सवयीने रात्रीची मोठी मात्रा तशीच चालू राहते, नाहीतर रमजानमध्ये कमी केलेली गोळी कमीच राहते, आणि समोर शीरखुर्म्याचे वाडगे, एका घरातून दुसऱ्या घरात. म्हणून काही डॉक्टर रमजानची चिठ्ठी देतानाच खाली ईदची तारीख घालतात आणि तिच्यापुढे जुने आकडे पुन्हा लिहून देतात, 1-1-1.